मुलांना धबधबा दाखवताना

पाऊस आणि धबधबा यांचे मराठी मनाशी असलेले नाते वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मृगाच्या सरी कोसळल्या, घाटातील कड्यांवरून पांढऱ्या शुभ्र धारा उतरू लागल्या, की मुंबई-पुण्याकडील कुटुंबांची पावले लोणावळा, माळशेज, ठोसेघर, आंबोली या वाटांकडे आपोआप वळतात. नोकरीच्या निमित्ताने चंदीगडला येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना मात्र हे सुख असे सहज लाभत नाही. चंडीमंदिरचा लष्करी तळ, वायुदल, पीजीआयसारखी नामवंत वैद्यकीय संस्था, केंद्र सरकारची कार्यालये आणि बँका यांच्यामुळे या शहरात मराठी माणसांचे सतत येणे-जाणे असते. त्यांच्या मुलांनी आयुष्यात पाहिलेला पहिला धबधबा हा बहुधा सेक्टर १ मधील रॉक गार्डनचा असतो. गावाकडून आजी-आजोबा, मामा-मावशी आले, की एका सायंकाळी सुखना सरोवर आणि रॉक गार्डन ही जोडयात्रा ठरलेलीच.

हा धबधबा मानवनिर्मित आहे. पंपाने वर चढवलेले पाणी तेथे कृत्रिम कड्यांवरून कोसळते. म्हणून कोणी त्याला कमी लेखू नये. किंबहुना मुलांचा धबधब्याशी पहिला परिचय अशाच ठिकाणी व्हावा, हे उत्तमच आहे. प्रश्न पुढे उद्भवतो. येथे लागलेली सवय घेऊन तेच कुटुंब पावसाळ्यात सह्याद्रीत किंवा हिमाचल प्रदेशात जाते, तेव्हा तेथील पाणी या सवयीला ओळखत नाही. मुलांना धबधबा दाखवणे ही केवळ करमणूक नसून ते एक शिक्षण आहे, आणि त्या शिक्षणाचा क्रम व आशय पालकांनी जाणीवपूर्वक ठरवला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे येथे मांडत आहे.

टाकाऊतून उभे राहिलेले राज्य

प्रथम रॉक गार्डनविषयी. या बागेचे निर्माते नेकचंद यांचा जन्म १९२४ मध्ये, आज पाकिस्तानात असलेल्या शकरगढ तालुक्यातील एका खेड्यात झाला. फाळणीच्या वणव्यात गाव सुटले आणि पुढे ते नव्याने उभारल्या जात असलेल्या चंदीगडमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक म्हणून रुजू झाले. ल कार्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार शहर आकार घेत होते आणि त्यासाठी जुनी गावे उठवली जात होती. त्या पाडलेल्या घरांतील कौले, फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, विजेची निकामी सॉकेटे, रिकामी पिंपे असे जे जे कोणालाही नको होते, ते ते नेकचंद सायकलवरून वाहून नेत. शहराच्या उत्तरेस, जेथे बांधकामास मनाई होती अशा झाडीत, त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून कोणालाही न सांगता आपले राज्य वसवण्यास आरंभ केला. दिवसा नोकरी आणि रात्री हे काम, असा क्रम सुमारे अठरा वर्षे चालला.

१९७५ च्या सुमारास हा प्रकार अधिकाऱ्यांच्या नजरेस आला. सरकारी जमिनीवरील हे बेकायदा बांधकाम पाडून टाकणे नियमाला धरूनच झाले असते. परंतु येथे शासनाने रसिकता दाखवली. १९७६ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली, नेकचंद यांना त्याच कामावर नेमण्यात आले आणि हाताखाली पन्नास मजूर देण्यात आले. १९८३ मध्ये भारतीय टपाल तिकिटावर ही बाग झळकली आणि १९८४ मध्ये नेकचंद यांना पद्मश्री मिळाली. १९९० च्या सुमारास बागेतून रस्ता काढण्याचा घाट घातला गेला, तेव्हा नागरिक बुलडोझरसमोर साखळी करून उभे राहिले. २०१५ मध्ये नेकचंद यांचे निधन झाले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाजवळील रस्त्याच्या रुंदीकरणासाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडला गेला, त्या वेळीही चंदीगडकर स्वस्थ बसले नाहीत. शहरातील माणसांचे या बागेशी नाते काय आहे, ते यावरून लक्षात यावे.

मुलांना घेऊन या बागेत फिरताना ही हकीकत त्यांना सांगावी. बागेतील अनेक दरवाजे इतके बुटके आहेत, की मोठ्या माणसाला वाकूनच आत जावे लागते; मुले मात्र ताठ मानेने जातात आणि मागे वळून आपल्या बाबांकडे पाहून हसतात. अरुंद वाटांनी वळणे घेत जावे आणि एकाएकी उंच कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज कानी यावा, अशी तेथील योजना आहे. पुढे उंच कमानींना टांगलेले झोपाळे लागतात. धबधब्याचे तुषार अंगावर घ्यावेत, झोपाळ्यावर झुलावे, घरी परतावे. येथे बेफाम पूर नाही, निसरडा कडा नाही. पालक निर्धास्त असतात, आणि तसे ते असावेतही.

कळ दाबून थांबणारे पाणी

परंतु हे निर्धास्तपण या ठिकाणापुरतेच खरे आहे. रॉक गार्डनचे पाणी किती पडावे, कधी पडावे आणि कधी थांबावे, हे माणूस ठरवतो. विजेची कळ बंद केली, की धबधबा थांबतो. ज्या मुलाने एवढेच पाहिले, त्याच्या मनात धबधब्याचे चित्र एखाद्या मोठ्या कारंज्यासारखे तयार होते. अलीकडे गावोगावी निघालेल्या जलउद्यानांनी या कल्पनेला बळकटी दिली आहे. तिकीट काढले म्हणजे पाणी आपल्या सोयीने वागेल, अशी समजूत मुलांचीच नव्हे, तर मोठ्यांचीही होऊ लागली आहे.

खऱ्या धबधब्याचे गणित अगदी वेगळे आहे. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर थर बसून तयार झालेला काळा कातळ आहे. पश्चिमेकडे तो भिंतीसारखा तुटला आहे आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत त्यावर प्रचंड पाऊस कोसळतो. महाबळेश्वर येथे वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. चंदीगडची वार्षिक सरासरी सुमारे अकराशे मिलिमीटर आहे. कातळात पाणी मुरत नाही. माथ्यावर पडलेली सर काही मिनिटांत ओढ्यांतून एकत्र होऊन कड्यावर येते. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर ऊन पडलेले असू शकते आणि त्याच वेळी दोन किलोमीटर वर, ढगांच्या आड, मुसळधार पाऊस चालू असू शकतो. म्हणूनच अशा ओढ्याचे पाणी पाहता पाहता चढते.

३० जून २०२४ रोजी, रविवारी, लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात जे घडले ते याच कारणाने. वर्षासहलीला आलेल्या एकाच कुटुंबातील एक स्त्री आणि चार मुले, असे पाच जण प्रवाहात वाहून गेले. पाणी वाढू लागल्यावर ती सर्व माणसे प्रवाहाच्या मध्यभागी एकमेकांना घट्ट धरून उभी होती, काठावर मदतीसाठी धडपडणारी माणसे होती, आणि तरीही काही करता आले नाही. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी हळहळ व्यक्त करून, ‘लोक एवढे बेफिकीर कसे?’ असा प्रश्न विचारला. मला तो प्रश्न अन्यायकारक वाटतो. ते कुटुंब पाण्यात उतरले, तेव्हा पाणी उथळ होते. तेवढ्या पाण्यात त्या दिवशी, त्याआधी आणि त्यानंतरही हजारो कुटुंबे उतरलेली आहेत. त्यांच्यात आणि त्या पाच जणांत फरक केवळ काही मिनिटांचा होता.

उत्तरेकडेही परिस्थिती वेगळी नाही. चंदीगडहून मनालीला जाणारा रस्ता मंडीच्या पुढे बियास नदीच्या काठाने जातो. ८ जून २०१४ रोजी याच मार्गावर थलौट येथे हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी नदीपात्रातील खडकांवर छायाचित्रे काढण्यासाठी उतरले होते. वरच्या बाजूस असलेल्या लारजी जलविद्युत प्रकल्पाच्या धरणातून पाणी सोडले गेले आणि चोवीस विद्यार्थी वाहून गेले. त्या वेळी पावसाचा मागमूस नव्हता. १२ जुलै २०२१ रोजी धर्मशाळेजवळील भागसूनाग येथे, जेथील धबधबा पाहायला पंजाब-हरियाणातून असंख्य कुटुंबे जातात, ढगफुटीसारख्या पावसाने नाल्याला पूर आला आणि उभ्या मोटारी काडीसारख्या वाहत गेल्या. मोटारीची ही गत, तेथे मुलाच्या इवल्या पावलांचे काय?

पाण्याचा जोर

मोटार वाहून जाते हे ऐकून आश्चर्य वाटते, याचे कारण पाण्याच्या जोराचा आपला अंदाज चुकतो. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन भरते. शिवाय वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर दुप्पट होत नाही, तो चौपट होतो. मोठ्या माणसाच्या भराभर चालण्याचा वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे दोन मीटर, या गतीने वाहणारे आणि मुलाच्या कमरेपर्यंत आलेले पाणी त्या कोवळ्या शरीराला ढोबळ मानाने वीस किलो वजनाच्या रेट्याने ढकलत असते. पाच-सहा वर्षांच्या मुलाचे स्वतःचे वजनच तेवढे असते. त्यात पायाखाली शेवाळलेला दगड असेल, तर त्याने उभे राहायचे कशाच्या आधारावर? वडिलांच्या गुडघ्याएवढे पाणी हे मुलाच्या कमरेएवढे पाणी असते, एवढी साधी गोष्टही आपण पाण्यात उतरताना विसरतो.

धबधब्याच्या पायथ्याशी असलेला डोह हा आणखी एक फसवा भाग. वरून कोसळणारे पाणी शतकानुशतके तेथील कातळ कोरत असते. त्यामुळे काठावर घोटाभर दिसणारे पाणी दोन पावलांवर पुरुष-दोन पुरुष खोल असू शकते. कोसळत्या धारेखाली पाणी आतल्या आत फिरत राहते आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येऊ देत नाही. धारेबरोबर वरून दगडही येतात. स्थानिक गावकरी अशा डोहांविषयी भुताखेतांच्या, जलदेवतांच्या कथा सांगतात. आपण त्यांना अंधश्रद्धा म्हणून हसतो. परंतु ‘या डोहात उतरू नये’ एवढा अनुभव पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवण्याचे काम त्या कथांनी इमानेइतबारे केले आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असे आपण म्हणतो. मात्र पुढच्याला लागलेली ठेच मागच्याला कळावी, यासाठी ती कोणीतरी सांगावी लागते.

बंदी की शिकवण?

लोणावळ्याच्या दुर्घटनेनंतर पुणे जिल्ह्यात धबधबे, धरणे व कड्यांच्या परिसरात पाण्यात उतरण्यास आणि धोकादायक ठिकाणी छायाचित्रे काढण्यास मनाई करणारे आदेश निघाले. अशा आदेशांची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. गर्दीच्या दिवसांत पोलीस, दोरखंड, सूचनाफलक आणि जीवरक्षक असलेच पाहिजेत, आणि ही जबाबदारी प्रशासनाची आहे. पर्यटनातून उत्पन्न घ्यायचे आणि पर्यटकांच्या जिवाची हमी मात्र त्यांच्यावरच सोपवायची, हे योग्य नाही.

तरीही केवळ बंदीने प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात जेवढे ओढे वाहतात, तेवढे पोलीस कोणत्याही राज्याकडे नाहीत. एका धबधब्यावर दोरी बांधली, की माणसे पलीकडच्या अनोळखी धबधब्याकडे वळतात, आणि तो अधिक धोक्याचा असतो. शिवाय बंदीचा आणखी एक परिणाम आहे. मुलाला पाण्यापासून सर्वस्वी दूर ठेवले, तर पाण्याविषयीचे त्याचे अज्ञान तसेच राहते. सोळा-सतराव्या वर्षी तेच मूल मित्रांबरोबर पहिल्यांदा नदीवर जाते, तेव्हा सावध करणारे कोणी जवळ नसते. थलौटला वाहून गेलेली मुले अभियांत्रिकीची विद्यार्थी होती, हे विसरून चालणार नाही. धरणाखालच्या नदीचा स्वभाव त्यांना कोणी सांगितलेला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मृत्यू पावली आणि त्यांत पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण जवळजवळ एक चतुर्थांश होते. हे दुखणे टाळण्याजोगे आहे, म्हणूनच संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या घटना रोखण्यासाठी जागृतीचा दिवस म्हणून जाहीर केला. मुलांना पोहायला शिकवणे, पाण्यापाशी त्यांच्यावर सतत नजर ठेवणे आणि पाण्याचा स्वभाव समजावून देणे, हे उपाय काही खर्चिक नाहीत. सहलीसाठी महिनोन्महिने पैसे साठवणारे, मुलाच्या शिक्षणासाठी त्याच्या जन्मापासून तरतूद करणारे आपण मध्यमवर्गीय या बाबतीत मात्र नशिबावर भरवसा ठेवतो.

काही जण म्हणतील, ‘मुलांच्या मनात उगीच भीती कशाला भरवायची? सहलीची मजाच निघून जाईल.’ हा आक्षेप अगदीच निराधार नाही. घाबरलेले मूल शिकत नाही आणि त्याला निसर्गाची गोडीही लागत नाही. परंतु भीती आणि आदर यांत अंतर आहे. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या मुलाला आपण विस्तवाची भीती घालत नाही. विस्तव कसा वागतो ते दाखवतो. पाण्याच्या बाबतीतही तेच करावयाचे आहे. नदीला आई म्हणणारी आपली संस्कृती तिच्यात उतरण्यापूर्वी पाण्याचा स्पर्श मस्तकाला करायला सांगते. त्या क्षणभराच्या थांबण्यात पाण्याकडे नीट पाहून घेण्याची संधीही आहे.

पालकांसाठी काही पथ्ये

ही शिकवण प्रत्यक्षात कशी द्यावी? निघण्यापूर्वी हवामान खात्याचा त्या जिल्ह्याचा अंदाज मुलांनाच वाचायला सांगावा. नारिंगी किंवा लाल इशारा असेल, तर सहल पुढे ढकलण्याचा निर्णय मुलांसमक्ष घ्यावा. ठरलेला बेत रद्द करता येतो, हे पाहणे हाच एक मोठा धडा आहे.

ठिकाणी पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे पाण्याजवळ न जाता केवळ पाहावे. पाणी स्वच्छ आहे की गढूळ, काठावरील एखादा ठरावीक दगड अजून तेवढाच उघडा आहे की बुडू लागला, याकडे लक्ष ठेवण्याचे काम मुलांना द्यावे. मुले हे काम मोठ्यांपेक्षा चांगले करतात. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यातून पाने-काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा आवाज बदलला, तर वर पाऊस झाला आहे असे समजावे आणि सामानाचा विचार न करता काठाच्या उंच भागाकडे निघावे. पलीकडच्या काठावर जाण्याचा मोह टाळावा. पाणी वाढल्यास परतीची वाट बंद होते. धरणाखालच्या नदीपात्रात, पाणी कितीही कमी असो, मुलांना घेऊन कधीही उतरू नये. कोणी वाहून जाऊ लागल्यास त्याच्यामागे उडी घेण्याऐवजी काठावरून दोरी, ओढणी, काठी फेकावी, हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दहा माणसांच्या घोळक्यात मुलांकडे ‘सगळ्यांचे लक्ष आहे’ असे गृहीत धरू नये. ‘आता मुले तुमच्याकडे, काका’ असे शब्दांत सांगून जबाबदारी एकाकडे सोपवावी, आणि ती ज्याच्याकडे आहे त्याने तेवढा वेळ भ्रमणध्वनी खिशात ठेवावा. रोकड मोजताना रोखपाल कोणाशी बोलत नाही. येथे तर सांभाळावयाची ठेव रोकडीपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

पाण्याचे मूळ

सुरक्षिततेइतकीच आणखी एक गोष्ट धबधब्यापाशी शिकवता येते. ‘हे पाणी येते कोठून आणि जाते कोठे?’ हा प्रश्न मूल हमखास विचारते. ‘वरून येते’ असे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. वास्तविक या एका प्रश्नातून सारा भूगोल उलगडता येतो.

चंदीगडमध्येच पाहा. रॉक गार्डनपासून चालत जाण्याच्या अंतरावर सुखना सरोवर आहे. शिवालिक टेकड्यांतून येणाऱ्या सुखना चो या ओढ्यावर बांध घालून ते १९५८ मध्ये तयार करण्यात आले. पंजाबीत ‘चो’ म्हणजे वर्षातील बराच काळ कोरडा पडणारा आणि पाऊस आला की एकाएकी दुथडी भरून वाहणारा नाला. त्याच १९५८ साली आपले काकासाहेब गाडगीळ पंजाबचे राज्यपाल होऊन चंदीगडला आले आणि १९६२ पर्यंत येथे राहिले. त्याआधी केंद्रीय मंत्री असताना भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या उभारणीशी त्यांचा निकटचा संबंध आला होता. पंजाबच्या पाण्याच्या इतिहासात एका पुणेकराचाही वाटा आहे, हे येथील मराठी मुलांना सांगितले, तर त्यांना या मुलखाविषयी अधिक आपलेपणा वाटेल.

शिवालिकची माती ठिसूळ असल्यामुळे सुखना सरोवर गाळाने भरू लागले. गाळ येतो कोठून, याचा शोध घेता त्याचा माग वरच्या सुखोमाजरी या गावापर्यंत पोहोचला. १९७० च्या दशकात तेथील गावकऱ्यांनी लहान बंधारे बांधले, डोंगरावरील मोकाट चराई स्वतःहून थांबवली आणि बदल्यात त्यांना शेतीला पाणी व जनावरांना गवत मिळाले. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार यांच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ही हकीकत ओळखीची वाटेल. जुलै २०२३ मध्ये चंदीगडला एका दिवसात तीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि सुखनाचे दरवाजे उघडावे लागले. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे, तसेच भरलेल्या तळ्याला वाट द्यावी लागते हेही खरे.

महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही अशी उदाहरणे आहेत. भंडारदऱ्याजवळचा प्रवरा नदीवरील रंधा धबधबा किती वाहावा, हे बऱ्याच अंशी १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या धरणावर अवलंबून असते. शरावती नदीवरील २५३ मीटर उंचीच्या जोग धबधब्यातील राजा आणि राणी या धारांचा थाट १९६४ मध्ये झालेल्या लिंगनमक्की धरणानंतर पाण्याच्या विसर्गाशी जोडला गेला. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी १९१५ पासून नळांतून खोपोलीला घाटाखाली उतरते आणि त्यावर मुंबईला वीज मिळते. तोही एका अर्थी डोंगरात लपवलेला धबधबाच. निसर्गाचा धबधबा आणि माणसाचा धबधबा यांच्यात आपण समजतो तेवढी पक्की भिंत नाही. घरातील दिवा आणि कड्यावरील धार यांचा संबंध ज्या मुलाला कळला, ते मूल नळ आणि दिवा बंद करायला वेगळे शिकवावे लागत नाही.

येथे पुन्हा नेकचंद आठवतात. इतरांनी फेकलेले उचलून त्यांनी मुलांसाठी एक राज्य उभे केले. आपण मात्र ठोसेघरला किंवा भागसूला जातो, तेव्हा चिप्सची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या तेथेच टाकून येतो. ज्या मुलाने रॉक गार्डनमध्ये फुटक्या बांगड्यांच्या बाहुल्या पाहिल्या आहेत, त्याला धबधब्यावरील कचरा एका पिशवीत भरून परत आणण्यास सांगितले, तर ते आनंदाने आणील. अट एकच: त्याच्या आईवडिलांनीही वाकले पाहिजे.

यंदाच्या पावसाळ्यात सुज्ञ वाचकांनी आपल्या मुलानातवंडांना धबधबा अवश्य दाखवावा. चंदीगडला असाल, तर रॉक गार्डनपासून आरंभ करावा आणि तेथेच त्यांना सांगावे, की हे पाणी आपल्या आज्ञेत आहे, पुढे दिसेल ते नसेल. मग कड्यावरून कोसळणाऱ्या खऱ्या धबधब्यासमोर त्यांना न्यावे, सुरक्षित अंतरावर उभे करावे आणि मनसोक्त पाहू द्यावे. पाण्यात उतरले नाही म्हणून धबधबा पाहिल्याचा आनंद कमी होत नाही. उलट पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी आणि स्वतःच्या मुलांचा हात धरून आणखी तीस वर्षांनी तो पुन्हा पाहता यावा, याची ती सर्वांत साधी तरतूद आहे.